उत्तर देण्यास बांधील शासन : आणीबाणीतील देहोपस्थिती खटला

भारतीय राज्यघटनेच्या इतिहासात शासनसत्ता आणि नागरिकाचा देह यांचा संबंध ज्या एका खटल्यात कोणत्याही आडपडद्याशिवाय न्यायासनासमोर आला, तो खटला म्हणजे ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, राष्ट्रपतींनी २७ जून १९७५ रोजी काढलेला आदेश अमलात असेपर्यंत स्थानबद्ध केलेल्या कोणाही व्यक्तीला आपली अटक बेकायदा आहे, दुष्ट हेतूने झालेली आहे किंवा खुद्द अटकेच्या कायद्यातील अटी मोडून केलेली आहे, अशी तक्रार घेऊन उच्च न्यायालयाकडे जाता येणार नाही. या निर्णयाची चर्चा बहुधा कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरती राहते आणि आणीबाणीच्या लोकप्रिय इतिहासात तुरुंगातील आठवणी, भूमिगत पत्रके आणि १९७७ ची निवडणूक यांनाच जागा मिळते. वास्तविक त्या एकवीस महिन्यांत जे घडले त्यातील बरेचसे घडू शकले ते शासनाला कारण विचारण्याची सोय उरली नव्हती म्हणून. आणि ती विचारण्याची शेवटची जागा न्यायालयाने आपल्याच निर्णयाने बंद केली, यातच या खटल्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

इंग्लंडच्या कायद्यातून आलेला हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे देहोपस्थितीचा, हुकूम अगदी मोजकी मागणी करतो. ज्याच्या ताब्यात कैदी आहे त्याने त्याला न्यायालयापुढे सदेह हजर करावे आणि कोणत्या कायद्याच्या आधाराने त्याला डांबले आहे ते सांगावे, एवढेच त्यात असते. कैदी निरपराध आहे की अपराधी, त्याची मते समाजाला पटणारी आहेत की नाहीत, याच्याशी या हुकमाला कर्तव्य नसते; डांबणाऱ्याला तसे करण्याचा अधिकार आहे काय, एवढेच तो तपासतो. इंग्लंडच्या संसदेने १६७९ मध्ये स्वतंत्र कायदा करून या उपायाला बळकटी दिली आणि पुढे कंपनीच्या काळात स्थापन झालेल्या इंग्रजी न्यायालयांबरोबर तो हिंदुस्थानात आला.

तो येथे आल्यावर त्याचा शासनाशी एक मोठा संघर्ष झाला, आणि तो महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. १८२८ मध्ये मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला हजर करण्याचा हुकूम काढला. मुलगा पेशव्यांच्या नात्यागोत्यातील प्रतिष्ठित घराण्यातला होता आणि घरातीलच वडीलधाऱ्याच्या ताब्यात होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या सरकारने हा हुकूम बजावू देण्यास नकार दिला, कारण मुंबई बेटाबाहेरच्या एतद्देशीय प्रजेवर या न्यायालयाची सत्ता चालत नाही, अशी सरकारची भूमिका होती. पीठावरील दोन सहकारी काही महिन्यांच्या अंतराने मरण पावल्यामुळे एकटे उरलेले न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांनी १८२९ च्या एप्रिल महिन्यात न्यायालयाचे कामकाजच बंद ठेवले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि तेथे सरकारची बाजू उचलून धरण्यात आली. अधिकारक्षेत्राच्या तांत्रिक मुद्द्यावर ग्रँट हरले खरे. तथापि, शासनाने न्यायालयाला उत्तर देणे लागते की नाही, हा वाद या देशात राज्यघटनेच्या सव्वाशे वर्षे आधी सुरू झाला होता, ही गोष्ट १९७६ च्या निर्णयाचा विचार करताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. व्यक्तिस्वातंत्र्य ही राज्यघटनेने दिलेली देणगी आहे की राज्यघटनेने मान्य केलेली पूर्वीचीच गोष्ट आहे, यावरच तो सारा खटला अखेर येऊन ठेपणार होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले उदाहरण त्याहूनही बोलके आहे. ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर हजारो माणसे भारत संरक्षण नियमांखाली विनाचौकशी तुरुंगात होती, जपानी सैन्य ब्रह्मदेशात येऊन उभे होते आणि परकीय राजवटीला कोणताही विरोध राजद्रोहासारखा वाटत होता; अशा वेळी, १९४३ च्या एप्रिल महिन्यात, केशव तळपदे या मुंबई इलाख्यातील स्थानबद्धाच्या खटल्यात सर मॉरिस ग्वायर यांच्या फेडरल कोर्टाने ज्या नियमाखाली ही स्थानबद्धता होत होती तो नियमच अवैध ठरवला. सरकारने लगोलग वटहुकूम काढून ती उणीव भरून काढली आणि माणसे तुरुंगातच राहिली, हे खरे आहे. परंतु परकीय सत्तेने नेमलेल्या न्यायाधीशांनी भर युद्धात शासनाला जाब विचारला आणि शासनाला आपला कायदा दुरुस्त करावा लागला, ही नोंद कायम राहिली.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने एकीकडे अनुच्छेद २१ मध्ये, कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही, अशी हमी दिली आणि अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयांना देहोपस्थितीचे हुकूम काढण्याचा अधिकार दिला. दुसरीकडे तिनेच अनुच्छेद २२ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे अपराध घडण्यापूर्वीच केवळ संशयावरून खटल्याविना डांबून ठेवण्याला, जागा ठेवली. शांततेच्या काळातही चालणारी ही पद्धत मूलभूत हक्कांच्याच प्रकरणात बसवणे हा घटनाकारांनी फाळणीच्या छायेत केलेला तडजोडीचा निर्णय होता, आणि त्याची किंमत पुढच्या प्रत्येक पिढीने मोजली आहे. यावर कळस म्हणजे अनुच्छेद ३५९. आणीबाणी जाहीर असताना राष्ट्रपती आदेश काढून ठरावीक मूलभूत हक्कांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित करू शकतात, असे हा अनुच्छेद सांगतो.

त्याचा पहिला वापर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर झाला. त्या वेळचा राष्ट्रपतींचा आदेश सशर्त होता : भारत संरक्षण कायदा किंवा त्याखालील नियम यांच्यान्वये ज्यांचे हक्क हिरावले गेले असतील, त्यांनाच तो लागू होता. साहजिकच १९६३ मध्ये माखन सिंग यांच्या खटल्यात, साताऱ्यात वाढलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या वतीने लिहिलेल्या निर्णयात सरकारची बरीचशी बाजू मान्य करतानाही एक दार उघडे ठेवले. अटक दुष्ट हेतूने झाली असेल किंवा कायद्यातील अटी पाळल्या गेल्या नसतील, तर आणीबाणीतही न्यायालय दाद देऊ शकते, असे त्यांनी सांगितले. त्या दाराचा उपयोग दोनच वर्षांनी एका मराठी पुस्तकाला झाला. मार्क्सवादी नेते प्रभाकर संझगिरी यांनी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक लिहिले आणि छपाईसाठी हस्तलिखित बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. महाराष्ट्र सरकारने ती नाकारली. अणूची रचना मराठी वाचकाला समजावून सांगणाऱ्या हस्तलिखितापासून राज्याच्या सुरक्षिततेला कोणता धोका होता, हे सरकारला सांगता आले नाही. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये, पाकिस्तानशी युद्ध चालू असतानाच, न्यायमूर्ती कोका सुब्बाराव यांच्या निर्णयाने सरकारचे अपील फेटाळले गेले. कायद्याने जेवढे निर्बंध घातले आहेत तेवढेच स्थानबद्धावर असू शकतात, त्यापलीकडे त्याचे स्वातंत्र्य शिल्लकच असते, हे तत्त्व या पुस्तकामुळे भारतीय कायद्यात रुजले.

म्हणजे १९७५ पूर्वी मार्ग आखलेला होता. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द केली, २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाच्या सुटीतील न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निर्णयाला सशर्त स्थगिती दिली आणि २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी अनुच्छेद ३५२ खाली अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी जाहीर केली. १९७१ च्या युद्धात जाहीर झालेली आणीबाणी तोवर उठवलेलीच नव्हती. त्यामुळे देशात एकाच वेळी दोन आणीबाण्या अस्तित्वात होत्या. दोन दिवसांनी आलेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित केला. या आदेशात १९६२ ची अट नव्हती. अमुक कायद्याखाली केलेली अटक असे काही न म्हणता तो सरसकट सर्वांना लागू करण्यात आला, आणि हा बदल मसुदा करणाऱ्यांनी जाणूनबुजून केला होता हे पुढच्या युक्तिवादातून स्पष्ट झाले.

अटकेचे मुख्य हत्यार होते १९७१ चा अंतर्गत सुरक्षा कायदा, लोकांच्या तोंडी ‘मिसा’. आणीबाणी जाहीर होताच वटहुकमाने या कायद्यात कलम १६अ घालण्यात आले. आणीबाणीचा सामना करण्यासाठी स्थानबद्धता आवश्यक आहे असे अधिकाऱ्याने जाहीर केले की अटकेची कारणे कैद्याला सांगण्याची गरज उरणार नाही, अशी त्याची तरतूद होती. नंतरच्या दुरुस्तीने ही कारणे राज्याची गुप्त बाब ठरवून न्यायालयालाही ती मागवण्यास मज्जाव झाला. आणखी एका दुरुस्तीने आलेले कलम १८ तर कायद्याच्या इतिहासात विरळा म्हणावे असे आहे : या कायद्याखालील स्थानबद्धाला नैसर्गिक कायद्याच्या किंवा परंपरागत कायद्याच्या आधारेही व्यक्तिस्वातंत्र्याचा कोणताही हक्क असणार नाही, असे त्यात लिहिले होते. ज्या राजवटीला निसर्गदत्त हक्कसुद्धा कलम लिहून रद्द करावासा वाटतो, तिला तो हक्क अस्तित्वात आहे हे मनोमन मान्य असते, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. आणीबाणीतील कारभाराची पुढे चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानुसार त्या काळात मिसाखाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७५ हजार माणसे पकडली गेली.

अटक झालेल्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेलेले मधू दंडवते तेथेच लालकृष्ण अडवाणी आणि अटलबिहारी वाजपेयी यांच्यासह पकडले गेले आणि त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात अर्ज केला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती मु. क. छागला त्यांच्यासाठी उभे राहिले. दिल्लीत पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या पत्नीच्या अर्जावर न्यायमूर्ती रंगराजन आणि अगरवाल यांनी सप्टेंबर १९७५ मध्ये अटक बेकायदा ठरवली. सरकारने निकालाच्या तोंडावर नय्यर यांना सोडून दिले तरीही निकाल वाचला गेला. पुढे रंगराजन यांची गुवाहाटीला बदली झाली आणि अगरवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीशाच्या पदावर धाडण्यात आले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या त्यांची संमती न घेता झाल्या. एवढा दबाव असूनही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह अलाहाबाद, आंध्र प्रदेश, कर्नाटक, दिल्ली, पंजाब-हरियाणा, मद्रास, मध्य प्रदेश आणि राजस्थान अशा नऊ उच्च न्यायालयांनी एकमेकांपासून दूर बसून एकच गोष्ट सांगितली : राष्ट्रपतींचा आदेश असला तरी अटक कायद्याप्रमाणे झाली आहे काय, एवढे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. भारतीय न्यायसंस्थेच्या इतिहासातील हा सर्वांत सन्माननीय अध्याय असून त्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके आजवर गेलेले नाही.

सरकारने या सर्व निर्णयांविरुद्ध केलेली अपिले एकत्र करून सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर १९७५ पासून सुनावणी सुरू झाली. पीठावर सरन्यायाधीश अ. ना. राय, न्यायमूर्ती हंसराज खन्ना, मि. हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि प्र. न. भगवती होते. यांतील राय यांना एप्रिल १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश केले होते, ही गोष्ट दालनातील प्रत्येकाला ठाऊक होती. स्थानबद्धांच्या वतीने शांतिभूषण, सोली सोराबजी, अनिल दिवाण आणि वि. म. तारकुंडे यांनी बाजू मांडली. तारकुंडे सासवडचे, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांत घडलेले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडलेले; चंद्रचूड पुण्याचे, मुंबईतच नावारूपाला आलेले. एकाच जिल्ह्यातून आणि एकाच न्यायालयीन परंपरेतून आलेले हे दोघे व्यक्तिस्वातंत्र्याच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर दालनाच्या दोन बाजूंना होते.

सरकारचा युक्तिवाद महान्यायवादी नीरेन डे यांनी कोणतीही कडा न लपवता केला. व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्येच आहे, त्याच्याबाहेर कोठेही नाही. तो अनुच्छेद अमलात आणण्यासाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित झाला आहे. म्हणून स्थानबद्धाला न्यायालयात उभे राहण्याचा अधिकारच नाही, असे ते म्हणाले. त्यावर न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले की, अनुच्छेद २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. तेव्हा एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून एखाद्या माणसाला ठार मारले तर त्यावर काही उपाय असेल काय? डे यांनी उत्तर दिले की, त्यांच्या युक्तिवादाशी सुसंगत राहायचे तर आणीबाणी असेपर्यंत न्यायालयीन उपाय नाही. हे ऐकून न्यायमूर्तींना धक्का बसेल, आपल्यालाही बसतो, पण कायदा असा आहे. डे यांच्या या उत्तराने युक्तिवादाचा शेवट कोठे होतो ते सर्वांना दिसले. त्यानंतरही चार न्यायमूर्तींनी तो युक्तिवाद मान्य केला, म्हणून अनवधानाची सबब त्यांच्यासाठी उरत नाही.

बहुमताच्या चार निकालपत्रांत बराच शब्दविस्तार आहे, परंतु गाभा एकच आहे. राज्यघटना लागू झाल्यावर पूर्वीचे सर्व हक्क अनुच्छेद २१ मध्ये विलीन झाले आणि म्हणून तो स्थगित झाला की मागे काही उरत नाही. आणीबाणीत राष्ट्राचे रक्षण कसे करायचे हे कार्यकारी सत्तेनेच ठरवायचे. १९४१ च्या युद्धकालीन लिव्हरसिज खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयानेही मंत्र्याच्या समाधानामागे जाण्यास नकार दिला होता. लिव्हरसिज खटल्याचा आधार घेताना एक गोष्ट मागे पडली : त्या खटल्यात लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी एकट्याने दिलेले भिन्नमत पुढे खुद्द इंग्लंडमध्येच खरा कायदा म्हणून मानले जाऊ लागले होते. बेग यांनी तर स्थानबद्धांची उत्तम व्यवस्था राखणाऱ्या शासनाच्या काळजीला मातेच्या मायेची उपमा दिली आणि चंद्रचूड यांनी स्थानबद्धांना मारहाण करणे किंवा ठार मारणे अशा गोष्टी घडणार नाहीत, ही आपली आशा हिऱ्यासारखी तेजस्वी आणि कठीण असल्याचे लिहिले. आशा व्यक्त करणे हे न्यायाधीशाचे काम नव्हे. ज्या सत्तेला जाब विचारण्याचा अधिकार आपण आत्ताच सोडून देत आहोत, तिच्या सद्वर्तनावर विसंबून राहणे म्हणजे नागरिकाला तिच्या मर्जीवर सोपवणे होय, आणि चंद्रचूड यांच्यासारख्या व्यासंगी न्यायमूर्तीला हे समजत नव्हते असे म्हणणे कठीण आहे.

खन्ना यांच्या भिन्नमताचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात आहे. अनुच्छेद २१ हे जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचे एकमेव आश्रयस्थान नाही, असे त्यांनी म्हटले. राज्यघटना आली त्यापूर्वीही या देशात कोणाला कायद्याच्या आधाराविना ठार मारता किंवा डांबता येत नव्हते, आणि राज्यघटनेने नागरिकाला त्यापेक्षा कमी दिले असे मानायला आधार नाही. राष्ट्रपतींचा आदेश एका मूलभूत हक्काचा पाठपुरावा थांबवतो. परंतु शासनाने कायद्याच्या चौकटीतच वागावे हे बंधन त्या हक्कातून निर्माण झालेले नसून कायद्याचे राज्य या कल्पनेतूनच आलेले आहे, म्हणून ते आदेशाने पुसले जात नाही. खटल्याविना स्थानबद्धता व्यक्तिस्वातंत्र्यावर प्रेम करणाऱ्या सर्वांना तिरस्करणीय वाटते, असेही त्यांनी लिहिले आणि शेवटी भिन्नमत हे भविष्यातील एखाद्या दिवसाच्या शहाणपणाकडे केलेले आवाहन असते, या अर्थाचे अमेरिकेचे सरन्यायाधीश ह्यूज यांचे विचार नोंदवले. निकाल देण्यापूर्वी हरिद्वारला असताना त्यांनी बहिणीला सांगितले होते की, या निकालपत्राने आपले सरन्यायाधीशपद जाईल. जानेवारी १९७७ मध्ये राय निवृत्त झाले तेव्हा ज्येष्ठ असलेल्या खन्नांना डावलून बेग यांची नेमणूक झाली आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

निर्णय झाला तो महिना नीट पाहिला पाहिजे. १६ एप्रिल १९७६ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर करून राज्यांना हवे तर सक्तीच्या नसबंदीचे कायदे करण्याची मोकळीक दिली. १९ एप्रिलला दिल्लीत तुर्कमान गेट येथे घरे पाडण्यास विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला. २८ एप्रिलला न्यायालयाने दार लावले. या तीन घटनांचा परस्परसंबंध कोणी योजून घडवला होता असे नाही, परंतु परिणामाच्या दृष्टीने त्या एकमेकींत मिसळतात. ज्याला आपली अटक न्यायालयात तपासून घेता येत नाही, त्याचा शल्यक्रियेला नकारही टिकत नाही, कारण नकार देणाऱ्याला डांबता येते; आणि नकार ज्याला परवडत नाही त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही. शाह आयोगाने नोंदवले आहे की, १९७६-७७ या एका वर्षात ८१ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, म्हणजे ठरवलेल्या उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट. त्यांच्याशी संबंधित १,७७४ मृत्यूंच्या तक्रारी पुढे आल्या. शिक्षकांचे पगार, शिधापत्रिका, कर्जे, बदल्या अशा नित्याच्या गोष्टी नसबंदीच्या दाखल्याशी जोडल्या गेल्या आणि हरियाणातील उटावड गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना शस्त्रक्रियेसाठी नेले.

यात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेली गोष्ट येथील वाचकाने विसरू नये. देशात सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते. तीन अपत्यांनंतर शस्त्रक्रिया बंधनकारक करणारे आणि न करणाऱ्यास तुरुंगवासाची शिक्षा सांगणारे हे विधेयक १९७६ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले. ती संमती मिळाली नाही आणि निवडणुकीनंतर विषय मागे पडला. ज्या राज्यात र. धों. कर्वे यांनी कुटुंबनियोजनाचा विचार माणसाच्या, विशेषतः स्त्रीच्या, स्वतःच्या निर्णयाचा भाग म्हणून आयुष्यभर मांडला आणि त्यासाठी नोकरी गमावली, त्याच राज्यात त्या विचाराला पोलिसी रूप देण्यास लोकप्रतिनिधी तयार झाले. कर्वे यांच्या कार्याचा याहून मोठा विपर्यास दुसरा झाला नसेल.

विरोध मात्र पूर्णपणे थांबला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत यांनी तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या स्वास्थ्यासाठी सभेला प्रार्थना करायला लावली, आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकाचे संपादक मिनू मसानी यांनी केलेल्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मदन आणि कणिया यांनी, शासनावरील टीका दाबणे हे सेन्सॉरचे काम नाही, असे ठामपणे सांगितले. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत असताना सभागृहाने स्वतःच ती वाढवून घेतली, तेव्हा मध्य प्रदेशातील तुरुंगात असलेल्या मधू लिमये यांनी मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेली संमती आपण लांबवू शकत नाही, या भूमिकेतून सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर शरद यादव यांनीही तसेच केले. जवळजवळ सर्व खासदार जागेवर बसून राहिले असताना दोघा कैद्यांनी प्रातिनिधिक राज्यपद्धतीचा अर्थ जपला.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि न्यायालयाने काय झाकून ठेवले होते ते बाहेर येऊ लागले. कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन या विद्यार्थ्याला १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी उचलले होते. त्याचे वडील, हिंदीचे प्राध्यापक ईच्चर वारियर, वर्षभर दारोदार फिरत होते. आता त्यांनी केरळ उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज केला. न्यायालयाने मुलाला हजर करण्यास सांगितले आणि पोलिसांच्या कक्कयम येथील छावणीतील छळात तो मरण पावल्याचे निष्पन्न झाले. आणीबाणीत गृहमंत्री असलेल्या आणि तोवर मुख्यमंत्री झालेल्या के. करुणाकरन यांना पद सोडावे लागले. खन्नांनी विचारलेला प्रश्न काल्पनिक नव्हता. सुनावणी संपून निकाल राखून ठेवलेला असतानाच तो कक्कयमच्या छावणीत खरा ठरला होता.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येणार नाहीत, असे ठरवले. मिसा रद्द झाला. भगवती यांनी २०११ मध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा निर्णय चुकीचा म्हणून फेटाळला. त्यातील मुख्य निकालपत्र यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. एकेचाळीस वर्षांनी झालेली ही दुरुस्ती मोलाची आहेच, परंतु ती धोका टळून गेल्यावर झालेली आहे, आणि खन्ना यांनी जे लिहिले ते धोका समोर असताना लिहिले, हा फरक इतिहासाने पुसू नये.

खटल्याविना स्थानबद्धता मात्र संपलेली नाही. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, १९८१ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टी गुंडांच्या नावाने स्वतःचा स्थानबद्धता कायदा केला आणि हे दोन्ही कायदे आजही वापरात आहेत. ४४ व्या घटनादुरुस्तीत अनुच्छेद २२ मधील एक बदलही संसदेने मंजूर केला होता : सल्लागार मंडळाच्या मताविना माणसाला डांबून ठेवण्याची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणायची आणि त्या मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने करायची. हे कलम अमलात येण्यासाठी केंद्र सरकारने फक्त एक अधिसूचना काढायची होती. १९७८ पासून आजवर आलेल्या सर्व पक्षांच्या सरकारांपैकी एकानेही ती काढलेली नाही.